मातीचं विरजण

नांगर फिरला आणि मागे एकही बगळा उतरला नाही.

बांधावर उभ्या असलेल्या थोरलीने आधी आभाळाकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडच्या झाडांकडे. बगळे होते. फांद्यांवर पांढरे ठिपके होऊन बसले होते आणि ट्रॅक्टरकडे ढुंकूनही बघत नव्हते. पूर्वी फाळ जमिनीत शिरायच्या आत ते ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर घिरट्या घालायचे, गांडुळांसाठी एकमेकांच्या माना ओढायचे. माणूस रागाने ताट सोडून उठतो. पक्षी उठत नाही. तो उठला म्हणजे ताटात काही नाही.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि त्याने फाळाला लाथ घातली. "ताई, ही जमीन आहे का रस्ता? फाळ नुसता नाचतोय वरच्या वर."

"जरा खोल घाल की."

"खोल घातला तर फाळ इथेच राहील आणि मी हात हलवत घरी जाईन. चालेल?"

थोरलीने एक ढेकूळ उचललं. फोडायला दगड लागला. आत मूळ नव्हतं, भोक नव्हतं, किडामुंगी नव्हती. कडेला पांढरी रेघ होती, घाम वाळलेल्या सदऱ्यावर उमटते तशी. तिने नाकाशी धरलं. वास होता, पण मातीचा नव्हता. धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांचा होता.

थोरली ही घरातली मोठी मुलगी. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा लोक म्हणाले, आता बापाच्या जिवाला घोर. तिने शेत हातात घेतलं आणि लोकांची तोंडं बंद केली. घरात बाप, म्हणजे आबा. धाकटा भाऊ रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या केंद्रावर कामाला. त्याची बायको, थोरलीची भावजय, पहाटे टेम्पोत भाजी घालून शहरातल्या बाजारात बसते. चार माणसं आणि एक शेत. शेत पाचवं माणूस असल्यासारखंच त्याच्याबद्दल बोलायचे घरात. हल्ली बोलत नव्हते. आजारी माणसाच्या खाटेजवळ त्याच्या आजाराबद्दल बोलत नाहीत, तसं.

या शेताला पाणी देतं ते शहर. शहराला ते माहीत नाही. शहर सकाळी उठतं, संडासात पाणी ओततं, आंघोळ करतं, भांडी घासतं, कपडे बडवतं, आणि भोकातून पाणी खाली गेलं की ते जगातून गेलं असं समजतं. ते कुठेही जात नाही. केंद्रात येतं. तिथे त्यातली घाण खाली बसवतात, हवा फुंकतात, जंतू मारतात आणि उरलेलं स्वच्छ दिसणारं पाणी टाकीत साठवून जाड पाइपाने या शेतात सोडतात. त्यावर वाढलेली पालक-कोबी शहर घेऊन जातं. आपलंच धुणं शहर चावून खातं, आणि कोवळी आहे म्हणून आणखी एक जुडी मागतं.

पहिली वर्षं वेड लावणारी होती. पालकाचं पान ताटाएवढं. कोबीचा गड्डा एका हातात मावत नव्हता. आजूबाजूचे शेतकरी बांधावर येऊन बघून जायचे आणि घरी जाऊन बायकोवर चिडायचे.

तेव्हा केंद्राचे साहेब येऊन गेले होते. माणूस खरं बोलला, हे मानलं पाहिजे. म्हणाले, "या पाण्यात खत आहे, तसं मीठही आहे. साबणातलं, जेवणातलं, लघवीतलं. जंतू मरतात, मीठ मरत नाही. तेव्हा गोड्या पाण्यात मिसळून द्या. अधूनमधून शेताला विसावा द्या. जिप्सम टाका. आणि शेणखत बंद करू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सगळ्यात आधी शेणखत बंद केलं. पाण्यातच खत आहे म्हटल्यावर शेणाच्या पाट्या कोण वाहणार? फुकट हाताला लागलं की माणसाची अक्कल पहिली रजेवर जाते. साहेबही सांगून गेले ते गेलेच. सांगितलं म्हणजे केलं, अशी खुर्चीवरच्यांची समजूत असते.

एक तुकडा तेवढा या पाण्यापासून वाचला होता. शेताच्या उताराच्या टोकाला, घराला लागून, लहानशा विहिरीभोवतीचा. विहिरीचं पाणी त्या तुकड्यापुरतंच पुरायचं, म्हणून तिथे पाइप कधी नेला नाही. तिथे रोपं तयार व्हायची, मग मोठ्या शेतात लावायची. घरात शिजणारी भाजीही तिथलीच. मोठ्या शेतातली भाजी घरात शिजत नव्हती. असं कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोललंही नव्हतं. आपोआप तसं होत गेलं. आपल्या ताटात जे वाढायचं नाही ते दुसऱ्याच्या ताटात वाढायचं, आणि त्याला धंदा म्हणायचं.

दुपारी घरात थोरलीने ते ढेकूळ आबांपुढे ठेवलं.

आबांना आसपासचे लोक चाखेआबा म्हणत. पेरणीआधी ते वाफ्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "गोड आहे." मग पेरायचं. ते म्हणाले नाहीत तर बी पिशवीतून बाहेर येत नसे. दुसरे शेतकरीही त्यांना घेऊन जात आणि नवी जमीन घ्यायच्या आधी चाखवत. आबांनी ढेकळाचा कोपरा नखाने कुरतडून जिभेवर ठेवला.

"दमलीय," ते म्हणाले. "वाईट नाही. दमलीय नुसती."

भावजय ताटं वाढत होती. ती हसली. "वन्सं, असा सासरा मिळायला नशीब लागतं. ह्यांना काहीच वाईट लागत नाही. परवा डाळीत मीठ घालायचंच राहिलं. तुमच्या भावाने ताट सरकवलं. आबांनी मिटक्या मारत दोनदा वाढून घेतली."

"तुझ्या हाताला चव आहे पोरी," आबा म्हणाले.

"बघा! आणि सगळं जग म्हणतं, सासरे खोडी काढतात."

सगळे हसले. थोरलीही हसली.

पण ढेकूळ तिने फेकलं नाही. एका पिशवीत ते घातलं, दुसऱ्या पिशवीत विहिरीच्या तुकड्यातली मूठभर माती घेतली आणि माती तपासायच्या ऑफिसात गेली.

खोली लांबट होती. टेबलावर चाळण्या, ट्रे, नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या डब्या. माती तपासणारी बाई नाकावर चष्मा सरकवत आली, दोन्ही पिशव्यांत हात घालून बघितलं आणि दोन काचेचे ग्लास साध्या पाण्याने भरून ठेवले.

"मॅडम, मशीन नाही का?"

"आहे. पण मशीन मला सांगतं. हे तुम्हाला सांगेल."

तिने विहिरीच्या तुकड्यातला एक खडा पहिल्या ग्लासात सोडला. तो तळाशी गेला, जरा पसरला, बारीक रव्यासारखा होऊन बसला. वरचं पाणी नितळ. मग मोठ्या शेतातला खडा दुसऱ्या ग्लासात सोडला. त्याच्या भोवती धुरासारखं काही सुटलं. वर चढलं, पसरलं. बघता बघता ग्लास दुधासारखा झाला आणि खडा दिसेनासा झाला.

"ढवळलंत का तुम्ही?"

"हात तरी लावला का मी? चला, चहा घेऊ. परत येऊन बघा."

चहा घेऊन आल्या. दूध तसंच होतं.

"हे उद्याही बसणार नाही," बाई म्हणाली. "मातीचे कण एकमेकांचा हात धरून असतात. तुमच्या शेतात मिठाने ते हात सोडवलेत. ओली झाली की विरघळते, वाळली की वीट होते. पाणी आत शिरत नाही, हवा शिरत नाही. त्यात गांडूळ कशाला राहील? केंद्राचं पाणी वाईट नाही हो. कितीतरी ठिकाणी त्याच्यावर चांगली शेती चालते. पण त्याला सोबत लागते. तुम्ही नुसतंच पाजलंत."

थोरलीने उरलेल्या मातीची पिशवी बांधली.

"विहीर आहे का?"

"लहान आहे, उताराच्या टोकाला. ही पहिली माती तिथलीच."

"पाणी गोडं आहे?"

"गोड."

"मग जमीन वाचेल. वर्षं जातील, पण वाचेल. केंद्राचं पाणी थांबवा. जिप्सम, शेणखत घाला. चर खणा. मग त्या विहिरीच्या पाण्याने हळूहळू मीठ खाली उतरवायचं. केंद्राच्याच पाण्याने धुवायला जाल तर चिखलाने चिखल धुतल्यासारखं होईल." मग चष्मा काढून तिच्याकडे नीट बघत ती म्हणाली, "तो तुकडा आणि ती विहीर जपा. तुमच्याकडे औषध आहे ते तेवढंच. आणि तो तुकडा नि मोठं शेत यांच्या मधला बांध उंच करा. तुमचं शेत आता पाणी पिणार नाही. मिळेल तेवढं उताराला ओतून देईल."

संध्याकाळी धाकटा कामावरून आला. सायकल भिंतीला टेकवायच्या आतच थोरलीने गाठलं.

"पाणी बंद कर."

"आल्या आल्या? पाणी तरी पिऊ दे."

"तेच म्हणतेय. आपलं पाणी बंद कर. तुझ्याच हातात चाक आहे ना?"

धाकटा केंद्रावर पाइपाचं चाक फिरवायचा. टाकी किती भरली ते बघून पाणी सोडायचं आणि थांबवायचं, हेच त्याचं काम. तो ओट्यावर बसला. "ताई, तो घरचा नळ आहे का? शहर हगायचं थांबतं का एखाद दिवस? टाकी भरली की सोडावंच लागतं. नदीत सोडायला बंदी आहे. साहेब म्हणतात, तुमचं शेत सोडून दुसरी जागाच नाही."

"म्हणजे आपल्याला पाणी देत नाहीत ते. टाकतायत."

धाकटा बुटाची नाडी सोडत राहिला.

"मला वाटत होतं आपण शेतकरी आहोत," थोरली म्हणाली. "आपण मोरी आहोत रे. शहराची मोरी. तू जाग बाबा खाल्ल्या मिठाला. मीठ मात्र शेताला चारतोस."

"मला बोलून काय उपयोग आहे? मी चाकावरचा माणूस. उद्या मी नाही म्हटलं तर दुसरा कोणी फिरवेल." पण त्याचा चेहरा उतरला होता. या शेतातच तो रांगला होता. जरा वेळाने हळू आवाजात म्हणाला, "थोडे दिवस ओढून धरतो. सोडायचं त्याच्या निम्मंही सोडत नाही. टाकीत जागा आहे अजून. साहेबांना सांगू नकोस. तेवढ्यात तू काय ते कर."

बहिणीवर त्याची माया होती, यात शंका नाही. पुढे जे झालं त्याला ही माया चांगलीच कामी आली.

आबा आत बसून सगळं ऐकत होते.

सकाळी थोरली उठून बाहेर आली तर आबा विहिरीच्या तुकड्यात. पाटी भरलेली, फावडं हातात, डोक्याला फडकं.

"आबा! काय करताय?"

"विरजण लावतोय."

"कशाला?"

"शेताला. दूध आपणहून दही होतं का? चमचाभर जुनं दही लागतं. मातीचंही तसंच आहे. माझ्या बापाने ही जमीन फोडली तेव्हा असाच मुरूम होता नुसता. त्याने आपल्या जुन्या शेतातली माती पाट्यांनी वाहून आणली, जागोजागी पसरली. तिथून जमीन लागली. आपल्यात असंच करतात." त्यांनी पाटी डोक्यावर चढवली. "मीठबीठ काही नाही. जमिनीतला जीव गेलाय. तो परत घालायचा."

यात अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं फार वाईट. चांगल्या मातीत जीव असतो, तो पसरतो, हे खरंच. पण विरजण दुधाला लावायचं असतं. मिठाच्या पाण्याला विरजण लावून कितीही उबेत झाकून ठेवलं तरी दही लागत नाही.

"मॅडमने सांगितलंय, त्या तुकड्याला हात लावू नका."

"तुझ्या मॅडमने जमीन चाखली का?"

"नाही."

"मग?"

थोरलीला फावडं हिसकावून घेता आलं असतं, पण ते फावडं धरणाऱ्या हातांनी तिला चालायला शिकवलं होतं. ती नुसती बघत राहिली. आबा मोठ्या शेतात चालत गेले, मुठीमुठीने काळी माती पसरली, परत आले, पाटी भरली.

पाणी खरंच कमी येत होतं. धाकट्याने शब्द पाळला होता. शेत वाळलं, वर पापडी धरली, पापडी तडकली. त्या तडकलेल्या पापडीवर आबांची काळी माती शिंपलेली दिसायची. एका सकाळी आबांनी तिथली चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"गोडी यायला लागली," ते म्हणाले.

मॅडमने वर्षं जातील म्हटलं होतं. आबांनी जिभेवर ठेवून हे सांगितलं होतं. ज्या जिभेवर आख्ख्या पंचक्रोशीने बी पेरलं, ती खोटं कशाला बोलेल? आशा ही फार हलकट गोष्ट आहे. शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला ती सारखीच चावते. दुसऱ्या दिवसापासून थोरलीनेही पाटी उचलली. हल्ली आसपासच्या शेतांतली भाजी घेऊन बसणारी भावजयही बाजारातून आली की उचलायची. "दिवसभर भाजी विकायची आणि संध्याकाळी माती वाहायची. माहेरी सांगितलं होतं, मुलगी शेतात काम करणार नाही," म्हणायची आणि पुढची पाटी डोक्यावर घ्यायची.

तुकडा खोल होत गेला. रोपांचे वाफे तेवढे उंच राहिले, बाकीची जागा ढोपरापर्यंत खाली गेली. मग आबांची नजर मधल्या बांधावर गेली.

"सगळ्यात जुनी माती बांधात असते," ते म्हणाले. "बापाने घातलेली. हिला नांगरही लागलेला नाही. खरं विरजण हे."

"आबा, बांध उंच करायला सांगितलाय."

"करू की. शेत लागलं की नवा घालू. पाणी तरी कुठे येतंय?"

पाणी येत नव्हतं. ते रस्त्यापलीकडे टाकीत चढत होतं.

बांध अर्धा उतरला त्या दिवशी सकाळी भावजयीची घाई झाली होती. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. तिने सगळ्यांचा चहा ओतला, स्वतःचा तसाच ठेवला आणि धावली. आबांनी बशीत ओतून फुर्र करून पिऊन टाकला, मिशा पुसल्या, पाटी घेतली आणि शेताकडे निघाले. थोरलीने कप तोंडाला लावला आणि मोरीकडे धावली.

चहात साखरेऐवजी मीठ होतं.

तोंड धुताना तिचे हात थांबले. मोरीच्या काठावर आबांची रिकामी बशी होती. चाटून पुसून लख्ख. तिला बिनमिठाची डाळ आठवली. मिटक्या आठवल्या.

ती शेतात गेली तेव्हा आबा पापडीवर माती शिंपत होते. ती खाली वाकली, पापडीवरचा पांढरा थर नखाने खरवडला, निव्वळ पांढरा, चिमूटभर.

"आबा, जरा बघता का चाखून? डोळे मिटा."

त्यांनी लहान मुलासारखे डोळे मिटले, जीभ बाहेर काढली. तिने ते मीठ त्यांच्या जिभेवर ठेवलं. आबांनी तोंड मिटलं, घोळवलं, गिळलं.

"गोड," ते म्हणाले. चेहरा उजळला. "म्हटलं नव्हतं? लागलं विरजण."

थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. "आबा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"चव लागत नाही, कधीपासून?"

आबांनी डोळे उघडले. तिच्या नखातला पांढरा थर बघितला. मग पाटी उलटी घालून तिच्यावर बसले.

"पाइप आला त्याच्याही आधीपासून," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं गोड, गोड कसं म्हणत होतात?"

"गोडच असायची की जमीन," आबा म्हणाले. "म्हणायला काय लागत होतं?"

रस्त्यावरून कोणीतरी ओरडत होतं. धाकटा. सायकल हमरस्त्यावर आडवी टाकून तो शेतातून पळत येत होता.

"ताई! बांध बघ! टाकी काठोकाठ भरली, रस्त्यावर सांडायला लागली! साहेबांनी स्वतः येऊन चाक पूर्ण उघडलं. मला हातही लावू दिला नाही!"

त्याच्या मागून आवाज आला. पाइपाच्या तोंडाशी आधी हवा घरघरली, आजारी माणसाच्या छातीत घरघरते तशी, आणि मग पाणी आलं. थोडे दिवस ओढून धरलेलं सगळं एकदम. ते शेतात शिरलं म्हणणं बरोबर नाही. शेताने त्यातला थेंबही आत घेतला नाही. फरशीवर बादली ओतावी तसं ते पापडीवरून सरकत आलं, कडेला फेस धरून. आबांनी शिंपलेली काळी माती त्याने वाटेत उचलली आणि उताराने परत आणली.

थोरली धावली. "बांध घाला! फावडी आणा!"

बांधाजवळ माती नव्हती. होती ती मोठ्या शेतातली. धाकटा कुदळीने ढेकळं उपटायला लागला, थोरली रचायला लागली. दगडासारखी ढेकळं. जरा वेळ वाटलं, टिकेल. मग पाणी ढेकळांना लागलं आणि त्यांच्यातून धूर सुटल्यासारखं पांढरट काही सुटलं. थोरलीला तो ग्लास आठवला. ढेकळं तिच्या डोळ्यांदेखत दूध झाली. ती ठेवायची, ते विरघळायचं. हाताखालून चिकट, गुळगुळीत काहीतरी निसटत होतं. धाकट्याने भाजीच्या गोण्या आणल्या, त्यात तीच माती भरली, आडव्या टाकल्या. गोण्यांतून दूध गळायला लागलं, आणि त्या पोट रिकामं झाल्यासारख्या बसत गेल्या.

"दुसरी माती आण!" थोरली ओरडली.

"कुठून?" धाकटा ओरडला. "कुठून आणू?"

दुसरी माती त्यांनीच पाट्यांनी वाहून पसरली होती.

पाणी बांधावरून तुकड्यात उतरलं. तुकडा त्यांनीच खोल केला होता, घर पाहुण्यांसाठी आवरून ठेवावं तसा. ते तिथे सावकाश बसलं. वाफ्यांतल्या रोपांच्या माना आधी दिसत होत्या, मग शेंडे, मग फेस. मग पाणी विहिरीच्या ठेंगण्या काठापर्यंत आलं, थबकल्यासारखं झालं आणि आत पडायला लागलं. खोल. बराच वेळ नुसता तो आवाज होता. त्या विहिरीत पावसाखेरीज पहिल्यांदाच वरून पाणी पडत होतं.

धाकटा चिखलात बसून राहिला. त्याच्या अंगावरच्या केंद्राच्या निळ्या सदऱ्याला फेस लागला होता. "उद्याही सोडतील," तो म्हणाला. "परवाही."

तेवढ्यात थोरलीला पंखांचा आवाज आला.

रस्त्यापलीकडच्या झाडांवरून बगळे उठले होते. सगळे एकदम. ते मोठ्या शेतावरून खाली न बघता आले आणि तुकड्याच्या काठाने उतरले. पाण्यात गुलाबी दोऱ्यांसारखं काही वर येत होतं, वळवळत होतं. इतक्या वर्षांची गांडुळं गुदमरून वर येत होती, आणि बगळे पटापट, न भांडता, एकेक उचलत होते. आज भांडायची गरज नव्हती. सगळ्यांना पुरेल एवढं होतं.

आबा कधी आले ते कळलं नाही. ते घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. ते वाकले, काठावरची ओली माती चिमटीत घेतली. जुन्या सवयीने हात तोंडाशी गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो हात थोरलीपुढे केला.

"तू सांग, पोरी."

तिने ती माती त्यांच्या चिमटीतून घेतली आणि जिभेवर ठेवली. आबा तिच्या तोंडाकडे बघत होते, पेरणीच्या दिवशी सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघायचं तसं.

थुंकायला तिने मान वळवली. थुंकायला कोरडी जागा कुठेच नव्हती.